मुळशी खोऱ्यातून मेल कसा पाठवावा : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक लॅपटॉप, एक मोबाईल, जुलै महिना आणि 'आज पाचच्या आत मेल करा' असं सांगून मोकळं झालेलं कुणीतरी.

प्रथम 'सेंड' दाबा. मग आउटबॉक्स उघडा. मेल तिथेच ठाण मांडून बसला असेल, तर तो घराबाहेरच पडलेला नाही. अशा वेळी समोरच्याला फोन करून 'मिळाला का?' विचारू नये. फोनही लागणार नाही.

आता वायफायचं चिन्ह. ते पूर्ण दिसतंय म्हणून हुरळून जाऊ नका. लॅपटॉपचं आणि कपाटावरच्या डब्याचं जमलंय, एवढाच त्याचा अर्थ. डब्याचं बाहेरच्या जगाशी जमतंय का, ते डब्यावरचे दिवे सांगतात. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून सिग्नल येत नाही. बहुधा कुठेतरी ती तुटली आहे. डबा बंद-चालू करून उपयोग नाही. तरी एकदा करा, आपण काहीतरी करतोय असं घरच्यांना दिसलं पाहिजे. मग रस्त्यात जेसीबी कुठे उभा आहे ते पाहून या आणि कंपनीला नेमकी जागा कळवा.

लाइटच गेली असेल तर टॉवरची बॅटरी असेपर्यंत मोबाईलचं नेट वापरून घ्या. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यात आहे आणि मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करतं, हे मात्र अंधारात आठवू नये. त्याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. तुम्हाला पाचच्या आत तेवढं जमणार नाही.

रेंजची एखादी काडी मिळाली की फाईल बारीक करा. जोडलेली फाईल वाटेत सुमारे एक तृतीयांशाने फुगते : १२ एमबीची १६ होते. मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. सातबाऱ्याचा फोटो ३०० केबीतही वाचता येतो.

'मेलर-डीमन'चं, म्हणजे मेल सर्व्हरचं, इंग्रजी पत्र आलं तर घाबरू नका, म्हणजे तुमचं नेट चालू आहे. त्यातला चुकीचा आकडा (एरर कोड) ५ने सुरू होत असेल तर मेल कायमचा नाकारलाय, पत्ता तपासा. ४ने असेल तर अडचण तात्पुरती. सर्व्हर साधारण चार-पाच दिवस आपणहून खटपट करतो. दर दहा मिनिटांनी तोच मेल पुन्हा पाठवू नका, सगळे एकदम पोचतात.

आणि पाच वाजायलाच आले असतील तर अर्जाची प्रिंट घेऊन पौडच्या तहसील कचेरीची एसटी धरा. तिथे निदान पोचेचा शिक्का तरी मिळतो.