पैसे मोजून पायपीट

चालायला पैसे पडत नाहीत, ही आमच्या घराण्यातली पिढीजात समजूत. त्यामुळे इंग्लंडात जायचं, पौंडांत रक्कम भरायची आणि रोज बारा-पंधरा किलोमीटर स्वतःच्याच पायांनी चालायचं, असा बेत वन्संनी जाहीर केला तेव्हा माझ्या नवऱ्याने विचारलं, "म्हणजे बस नाही?"

"नाही."

"मग पैसे कसले?"

"न चुकण्याचे," वन्सं म्हणाल्या.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय ६९, जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं आणि अजून रोज पहाटे पर्वती. त्यांनी 'ठरलं' म्हटल्यावर आमच्याकडे कुणी हरकत घेत नाही. मी तर सोबत म्हणून आधीच धरलेली होते.

ठरली होती हेड्रियनची भिंत. रोमन सम्राट हेड्रियनने इ. स. १२२ मध्ये बांधायला काढलेली, उत्तर इंग्लंडात एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत आडवी, ७३ मैल. तिच्या कडेची पायवाट मात्र ८४ मैलांची. ती २००३ साली खुली झाली. भिंतीपेक्षा वाट अकरा मैल जास्त कशी, हा वन्संचा पहिला प्रश्न. आमच्या वाट्याला यातला मधला, डोंगराळ तुकडा होता. सहलीच्या पत्रकात अवघडपणा बुटांच्या चित्रांनी दाखवतात. आमच्या सहलीपुढे दोन बूट छापले होते. तिसरा छपाईत गळला असावा, असं माझं मत पहिल्याच चढावर झालं.

ही सगळी व्यवस्था मात्र मला ओळखीची वाटत होती. सामान गाडीतून पुढे गेलेलं, मुक्काम ठरलेला, पुढे वाट माहीत असलेला एक, कुणी मागे राहू नये म्हणून शेवटाला दुसरा आणि मधे आपण निवांत. आळंदीहून निघालेली दिंडीच म्हणा ना! टाळ-मृदंग तेवढे नाहीत, आणि अभंगांच्या जागी हवामान. आमचा गाइड हातातली काठी उंच करी आणि सगळे गप्प होत, तेव्हापासून आम्ही दोघी त्याला आपसात चोपदार म्हणायला लागलो. साठी ओलांडलेला, पूर्वी शाळेत इतिहास शिकवणारा, हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यातही अर्ध्या चड्डीत. वन्संचा प्रश्न त्याने उभ्या उभ्या सोडवला: न्यूकॅसल शहरात भिंत रस्त्यांखाली आणि इमारतींखाली गाडली गेली आहे, म्हणून वाट तिथे टाइन नदीच्या काठाने फिरून जाते. वन्संनी मान डोलावली. पैसे वसूल व्हायला सुरुवात झाली होती.

मधल्या भागात भिंत व्हिन सिल नावाच्या काळ्या खडकाच्या कड्यावरून जाते. कडा सलग नाही, मधे मधे खिंडी आहेत. रोमन लोकांनी भिंत प्रत्येक खिंडीत उतरवली आणि पलीकडे पुन्हा चढवली. वळसा घालणं साम्राज्याच्या शिस्तीत बसत नसावं. त्यांचं ठीक होतं. भिंतीला गुडघे नसतात. दर रोमन मैलाला एक चौकी आणि दोन चौक्यांच्या मधे दोन बुरूज, हा हिशेबही पक्का. चौकीला उत्तरेकडे दरवाजा हवा म्हणजे हवा. एका चौकीच्या दरवाजाबाहेर लगेच घसरगुंडीसारखा उतार आहे, तरी दरवाजा आहेच. "टेंडरात असणार," वन्सं म्हणाल्या.

विनशील्ड्सच्या माथ्यावर, ३४५ मीटरवर, पाऊस आडवा येत होता. वन्संनी पुण्याहून आणलेली छत्री उघडली. ती एका क्षणात उलटी होऊन स्कॉटलंडकडे तोंड करून उभी राहिली. चोपदाराने ती मिटवली, स्वतःच्या पिशवीत घातली आणि मुक्कामापर्यंत परत दिली नाही.

मेंढ्यांच्या कुरणांना दगडी कुंपणं, आणि ती ओलांडायला लाकडी शिड्या. चारपाच पायऱ्या वर, माथ्यावर पाय पलीकडे टाकायचा, तोंड शिडीकडे करून खाली. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून वन्सं हे काम उरकत. मी माथ्यावर पोचले की एक पाय या शेतात आणि एक त्या शेतात, अशी जरा वेळ विचार करत बसे. समोरची मेंढी रवंथ थांबवून बघे. हे सगळं दुसऱ्याच्या मालकीच्या शेतांतून चाललेलं! वाटेवर लोकांचा कायदेशीर हक्क आहे, शेतकऱ्याला ती अडवता येत नाही. उघडलेलं फाटक लावून घ्यायचं, एवढंच. "आपल्याकडे एवढ्या जागेवर तीन पिढ्या तारखा घेतात," वन्सं म्हणाल्या, आणि फाटक लागलंय का ते दोनदा हलवून बघितलं.

दुपारचं जेवण म्हणजे चीजचं गारढोण सँडविच, सफरचंद आणि वेफर्सची पुडी. वन्संनी शेंगदाण्याची चटणी काढली. सोबतच्या डच गृहस्थाने नाकाजवळ नेऊन वास घेतला, सँडविच उघडलं, चटणी भुरभुरली, झाकलं, खाल्लं. त्यानंतर तो रोज जेवायला आमच्या शेजारीच बसू लागला. त्याची बायको इतिहासात रमली होती.

आणि इतिहासही कसला! हाउसस्टेड्सच्या किल्ल्यात आमचा सर्वांत जास्त वेळ गेला तो शौचालयात. दोन बाजूंना खोल दगडी गटार, त्यावर एकेकाळी लाकडी बैठका, मधे आडोसा म्हणून नाही. टोकाला स्पंज बांधलेली काठी कशासाठी, हे चोपदाराने साभिनय सांगितल्यावर एका बाईंनी हातातलं सफरचंद पिशवीत ठेवून दिलं. एकट्या आलो असतो तर दगडांचा चौकोन बघून, फोटो काढून पुढे गेलो असतो.

सिकॅमोर गॅप नावाच्या खिंडीतलं जगप्रसिद्ध सिकॅमोरचं झाड आता नाही. २०२३ मध्ये एका रात्रीत ते करवतीने पाडलं. बुंध्याला पुढे कोंब फुटले. १९९१ च्या सिनेमातला रॉबिन हूड दक्षिण किनाऱ्यावर उतरून नॉटिंगहॅमला निघतो आणि वाटेत या झाडाशी येतो. नॉटिंगहॅम तर मधेच राहिलं! झाड पाडणाऱ्यांच्या खालोखाल चोपदाराचा राग या भूगोलावर होता. "गाइड नव्हता त्याच्याकडे," वन्संनी समजूत घातली.

व्हिंडोलँडा या रोमन किल्ल्यात जमिनीतून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली रोमन पत्रं निघाली, पहिली १९७३ मध्ये. चिखलात हवा पोचत नव्हती म्हणून टिकली. एका पत्रात पाठवलेल्या वस्तूंची यादी आहे: मोजे, चपलांचे दोन जोड आणि दोन चड्ड्या. साम्राज्य, सीमा, सम्राट सगळं बाजूला राहिलं आणि आमची अख्खी दिंडी आपापल्या भिजलेल्या मोज्यांकडे बघू लागली. पाठवणाऱ्याचं नाव टिकलेलं नाही. "आई असणार," वन्सं म्हणाल्या. चोपदार याला पुरावा नाही म्हणाला. "चड्ड्या मोजून कोण पाठवतं दुसरं?"

संध्याकाळी पबमध्ये, बुटांचे जोड शेकोटीजवळ वाफाळत असताना, चोपदाराने विल्यम हटनची गोष्ट काढली. १८०१ साली हा गृहस्थ ७८ व्या वर्षी बर्मिंगहॅमहून पायी निघाला, भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन-येऊन चालला आणि पायीच घरी परतला. ३५ दिवस, सुमारे सहाशे मैल. पुढच्या वर्षी त्यावर पुस्तकही काढलं.

मला वाटलं होतं, हे ऐकून वन्सं जरा नरमतील. त्या डोळे मिटून बसल्या. "रोजचे सतरा मैल," त्या म्हणाल्या. "आणि मला अठ्ठ्याहत्तर व्हायला अजून नऊ वर्षं आहेत." मग चोपदाराकडे वळून त्यांनी विचारलं, बर्मिंगहॅमपासून निघणारा ग्रुप तुमच्याकडे असतो का?

आजवर कुणी मागितला नाही, असं तो म्हणाला.

"मग आता आम्ही दोघी मागतोय. सामान गाडीतूनच ना?"