निघणाऱ्यास मुजरा

आपल्या देशात राहणाऱ्यापेक्षा निघणाऱ्याला अधिक मान मिळतो, हा लोकव्यवहारातील जुना आणि अनुभवसिद्ध सिद्धान्त आहे. परंतु त्याला नियमावलीचे अधिष्ठान आणि सरकारी मोहोर लाभण्यास २०११ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या २० जानेवारीस, हरियाणात दोन महिने आधी झालेल्या रंगीत तालमीनंतर, आपला क्रमांक कायम राखून भ्रमणध्वनीची कंपनी बदलण्याची मुभा संबंध देशाला मिळाली, आणि तोवर कंपनीने दिलेले दहा अंक ही आपली जन्मखूण समजून तिचे सर्व जुलूम निमूटपणे सोसणाऱ्या ग्राहकास कळून चुकले, की खूण आपली आहे, जुलूम तेवढे कंपनीचे होते.

क्रमांकाचे हे माहात्म्य परदेशस्थ तज्ज्ञांनी सिद्ध करण्याची गरज नाही. मनुष्य बिऱ्हाड बदलतो, नोकरी बदलतो, निवडणुकीच्या सुमारास मतेही बदलतो. क्रमांक बदलण्यास मात्र तो धजत नाही, कारण बँकेचा गुप्त संकेत, गॅसची नोंदणी, मुलांची शाळा, सोसायटीचा चिटणीस आणि ज्यांच्याकडून आपले पैसे येणे आहेत असे झाडून सारे स्नेही त्या दहा अंकांशी जखडलेले असतात. (ज्यांचे आपण देणे लागतो ते सज्जन नवा क्रमांक कसाही हुडकून काढतातच.) एके काळी पहिल्या चार अंकांवरून माणसाचे घराणे ओळखता येत असे: ९४२२ म्हटले की सरकारी, ९८२२ म्हटले की महाराष्ट्रातील जुन्या खासगी कंपनीचा, आणि ९८२० म्हटले की मुंबईकर, म्हणून बोलण्यात किंचित ताठ. आता हा सारा वर्णसंकर झाला आहे. मधल्या काळात कित्येक कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या, काहींनी दिवाळखोरीच्या न्यायासनापुढे हात जोडले. त्यांनी वाटलेले क्रमांक मात्र नव्या धन्याच्या पदरी सुखेनैव नांदत आहेत.

प्रारंभी या मुभेलाही सरहद्द होती. दूरसंचार खात्याच्या नकाशात मुंबई हा एक इलाखा आणि उर्वरित महाराष्ट्र गोव्यासह दुसरा इलाखा. आणि मुभा इलाख्यापुरतीच असल्यामुळे पणजीचा क्रमांक घेऊन नागपुरास जन्मभर राहिलेल्या गृहस्थाला कंपनी सुखाने बदलता येत असे, परंतु दादरहून पुण्यास बदली झालेल्या कारकुनाचा मुंबईचा क्रमांक बोरघाट ओलांडला की परमुलखातला ठरे. संयुक्त महाराष्ट्राची स्थापना १९६० साली झाली, ही वार्ता त्या दप्तरात पोहोचण्यास बराच अवधी लागला असावा. कारण इलाख्यांच्या सीमा ओलांडून क्रमांक नेण्याची सवलत ३ जुलै २०१५ रोजी मिळाली.

प्रस्थानाचा विधी तसा सुटसुटीत आहे. १९०० या क्रमांकावर ‘पोर्ट’ हा शब्द आणि आपला क्रमांक लिहून संदेश धाडावा, उत्तरादाखल येणारा आठ अक्षरांकांचा संकेत चार दिवसांच्या मुदतीत नव्या कंपनीच्या दुकानात रुजू करावा, ओळखपत्र दाखवावे, आणि इलाख्यातल्या इलाख्यात तीन, तर परइलाख्यात पाच कामकाजाचे दिवस वाट पाहावी. अटी मात्र कडक आहेत. जाणाऱ्याने जुन्या कंपनीत किमान नव्वद दिवस काढलेले असावेत. मागील देयकाची थकबाकी नसावी. क्रमांक कोणत्याही दाव्यात अडकलेला नसावा. आणि सिमकार्ड नुकतेच बदलले असेल तर सात दिवस संकेत मिळणार नाही, ही पुरवणी अट १ जुलै २०२४ पासून, दुसऱ्याच्या नावाने कार्ड काढून त्याचा क्रमांक परस्पर पळविणाऱ्या भामट्यांच्या कृपेने जोडली गेली. आज दर महिन्याला कोटीहून अधिक दरखास्ती या मार्गाने जातात.

परंतु या व्यवस्थेचे खरे सौंदर्य प्रस्थानात नसून प्रस्थानाच्या उच्चारात आहे. जिच्याकडे रेंज नाही म्हणून आपण महिनोन्‌महिने गाऱ्हाणी गायिली, आणि जिने प्रत्येक वेळी आपला कॉल आपल्यासाठी अत्यंत महत्त्वाचा असल्याचे यंत्राकरवी कळवून पुढे वीस मिनिटे सतारीची एकच तान ऐकविली, त्या कंपनीचा हाडामांसाचा माणूस १९०० वर संदेश जाताच दिवस मावळण्यापूर्वी स्वतः दूरध्वनी करतो, आपली नाराजी विचारतो, तीस आदरपूर्वक ‘सर’ ही पदवी जोडतो, आणि आजवर अस्तित्वातच नसलेली एक स्वस्त योजना खास आपल्याकरिता दप्तरातून काढतो. शेजारी राहणारा निष्ठावंत, ज्याने पंधरा वर्षांत एकदाही जाण्याची भाषा केली नाही, तो मात्र पूर्ण दराने भरणा करीत त्याच सतारीची तान ऐकत बसलेला असतो. कचेरीत तीस वर्षे ज्याला कोणी चहाला विचारले नाही, त्या कारकुनास निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळावे, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या राज्यकर्त्या वर्गाने हे रहस्य दूरसंचार नियामकाच्या कितीतरी आधी ओळखले होते. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची कला ग्राहकाला नवी असेल. मतदारसंघ तोच ठेवून पक्ष बदलण्याची कला आमच्या विधिमंडळाला मुळीच नवी नाही. तिला लगाम घालण्यासाठी १९८५ साली घटनादुरुस्ती झाली, तरी महाराष्ट्रात दोन पक्षांचे नाव आणि चिन्ह नेमके कोणाकडे राहिले, याचा निवाडा निवडणूक आयोगाला फेब्रुवारी २०२३ आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये करावा लागला. आमची नम्र सूचना एवढीच, की भ्रमणध्वनीची नियमावली अक्षरशः उचलून लोकप्रतिनिधींस लागू करावी. नव्वद दिवस एका पक्षात काढल्याखेरीज प्रस्थान नामंजूर. आश्वासनांची थकबाकी चुकती केल्याखेरीज संकेत नामंजूर. क्रमांक न्यायप्रविष्ट असेल तर दरखास्त दप्तरदाखल. आणि संकेत यावयाचा तो पक्षश्रेष्ठींच्या हाती न येता मतदाराच्या भ्रमणध्वनीवर यावा. यातली एक जरी अट अमलात आली, तरी अनेक शपथविधी पुढे ढकलावे लागतील.

तथापि ग्राहकाने आपल्या स्वातंत्र्याचा फाजील गर्व वाहू नये. २०११ साली डझनभर दारे होती. आता तीन खासगी आणि एक सरकारी मिळून चार उरली आहेत, आणि जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही खासगी दारांवरील दरफलक, एकमेकींशी काडीचाही विचारविनिमय न करता, असे आम्ही श्रद्धेने मानतो, एका दिवसाच्या अंतराने वर चढले. संतप्त रयतेपैकी पुष्कळांनी सरकारी दाराकडे मोर्चा वळविला, आणि त्या एका महिन्यात तेथील ग्राहकसंख्या सुमारे २९ लाखांनी वाढली. जेथून आपण बारा वर्षांपूर्वी वैतागून निघालो, तेथेच कित्येक जण त्याच क्रमांकासह परतले.

तस्मात्, वाचकहो, वर्षातून एकदा तरी निघण्याची भाषा अवश्य करावी. नव्या दुकानात दरखास्त दिल्यावर मन पालटले, तर चोवीस तासांच्या आत १९०० वरच ‘कॅन्सल’ असा संदेश धाडून ती मागे घेता येते, आणि त्यात कोणाची अब्रू जात नाही. मात्र आधी थकबाकी चुकती करावी. कारण निघणाऱ्यास मुजरा मिळतो, थकबाकीदारास केवळ तगादा.