टॉवेलाचा हंस

सोलापूरचा माणूस हल्ली सुट्टीला गेला की त्याच्या स्टेटसला पहिला फोटो समुद्राचा पडत नाही, डोंगराचा पडत नाही, बायकोचा तर नाहीच नाही. पडतो तो पलंगाचा. पलंगावर पांढरीशुभ्र चादर, चादरीवर दोन टॉवेल, आणि त्या टॉवेलांना पिळून, वळवून, दुमडून केलेले दोन हंस. चोचीला चोच लावून बसलेले. दोन मानांच्या मधल्या पोकळीला बदामाचा आकार. भोवती गुलाबाच्या सात-आठ पाकळ्या, त्याही बहुधा आधीच्या पाहुण्यांना वापरून झालेल्या. खाली एकच शब्द: ‘फायनली!’

फायनली काय? रात्रभर गाडी हाकली आणि सकाळी टॉवेल बघितला.

सोलापूरच्या माणसानं टॉवेल बघून हरखावं, म्हणजे कोल्हापूरकरानं परगावी जाऊन चपलेबरोबर सेल्फी काढावी तसं झालं. ज्या गावात १८७७ साली कापडगिरणी उभी राहिली, ज्या गावाच्या चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, ज्या गावाच्या पूर्व भागात मागाचा खडखडाट थांबला तर लोकांची झोपमोड होते, त्या गावचा हा नागरिक. याच्या मुंजीत टॉवेल-टोपी, लग्नात टॉवेल-टोपी, मेहुण्याच्या वास्तुशांतीत टॉवेल-टोपी. कपाटाचा वरचा कप्पा उघडला तर अंगावर टॉवेलांची दरड कोसळते. पण त्यातल्या एकाचीही मान कधी कुणी वाकडी केली नव्हती, म्हणून हा आयुष्यभर टॉवेलाला टॉवेलच समजत राहिला.

हे गृहस्थ जुळे सोलापुरात राहतात. वाचकांच्या सोसायटीतही एक आहेत.

त्यांना हसण्याआधी एक मान्य केलं पाहिजे. हा माणूस दोन वर्षं खरोखर कोंडला होता. सोलापूरकराची सहल म्हणजे मुळात देवदर्शन: पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापूर, चाळीसवर अक्कलकोट, सत्तर-पंच्याहत्तरवर पंढरपूर, आणि रजा शिल्लक असेल तर गाणगापूर. मार्च २०२० मध्ये हे सगळे देव एकदम कडीकुलपात गेले. तुळजापूर पडलं दुसऱ्या जिल्ह्यात. त्यामुळे जिथं तासाभरात जाऊन, कुंकू लावून, येताना चहा पिऊन परत यायचं, तिथं जायला ई-पास काढायची वेळ आली. त्या वर्षीच्या आषाढीला पादुकासुद्धा एसटीत बसून पंढरपूरला आल्या. देवळं उघडली १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मिटली. पुन्हा उघडली ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेला. उरलेसुरले निर्बंध गेले ते २०२२ च्या गुढीपाडव्याला. त्या दिवशी गृहस्थांनी गुढी उभारली, गूळ-कडुनिंब खाल्ला आणि जाहीर केलं, ‘आता देव नको. आता फक्त आराम.’

आराम हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. तोवर सहलीला गेलेलं माणूस दमून परत येतं, अशीच समजूत होती. शाळेची सहल विजापूरला. लाल डब्यात साठ पोरं, मांडीवर डबा. गोल घुमटात एक हाक मारली की सात वेळा परत येते असं गाइड सांगायचा. पण साठ पोरं एकदम ओरडल्यावर मोजणार कोण? मास्तर खालून ओरडायचे, तेही सात वेळा परत यायचं. पावसाळ्यात नळदुर्ग. बोरी नदीच्या बंधाऱ्यात १६१३ साली बांधलेला पाणीमहाल, नर-मादी धबधबा, भिजलेली पुस्तकं, घरी आल्यावर मार. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. आणि बरोबर चादर. ती नसेल तर सहल निघायचीच नाही.

त्या चादरीनं काय काय केलं याचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही. तुळजापूरच्या धर्मशाळेत ती अंथरूण झाली, चंद्रभागेच्या वाळवंटात आडोसा झाली, एसटीत खिडकीचा पडदा झाली, कुर्डुवाडीच्या फलाटावर गाठोडं झाली, आणि धाकटं रडायला लागलं तेव्हा दोन बर्थच्या मध्ये झोळी झाली. करोनात रेल्वेनं वातानुकूलित डब्यातल्या चादरी-ब्लँकेटं काढून घेतली आणि प्रवाशांनी पांघरूण घरून आणावं, असं सांगितलं. ती परत देण्याचा आदेश निघाला १० मार्च २०२२ ला. दोन वर्षं अख्खा देश डब्यात कुडकुडला. सोलापूरकराला हे सगळं पेपरात वाचल्यावर कळलं. त्यानं रेल्वेची चादर कधी अंगावर घेतलीच नव्हती. त्याच्याकडे मोर विणलेली घरची होती.

अशा माणसाला गोव्यात दोन हंसांनी गुंडाळलं.

कसं ते सविस्तर सांगायला हवं. कुटुंब चौघांचं: गृहस्थ, पत्नी, कन्या, चिरंजीव. खोलीचं दार उघडलं, दिवा लागला, हंस दिसले. कन्या म्हणाली, ‘कुणी हलायचं नाही!’ मग वीस मिनिटं फोटो. हंस एकटे, हंस आणि कन्या, हंस आणि पत्नी, हंस आणि चौघं, हंस आणि मागे खिडकी, खिडकीत थोडा समुद्र. समुद्र नीट दिसेना म्हणून चिरंजीवांना पडदा धरून उभं केलं. यानंतर प्रश्न आला आंघोळीचा. टॉवेल खोलीत दोनच होते आणि दोन्ही हंस झालेले. मोडायचे कसे? पत्नीनं सोलापूरहून पाच पंचे आणले होतेच, कारण परक्या टॉवेलावर विश्वास ठेवायचा नाही ही माहेरची शिकवण. सगळे पंच्यानं पुसून निघाले. रात्री दुसरा प्रश्न: झोपायचं कुठं? हंस पलंगाच्या बरोबर मध्ये. ते अलगद उचलून सोफ्यावर ठेवायचं ठरलं. गृहस्थांनी एक उचलला, पत्नीनं दुसरा, गौरी घरात आणताना चालतात त्या चालीनं दोघं निघाले. वाटेत चिरंजीवांनी एकाच्या मानेला हात लावला. मान गेली. खोलीत शांतता पसरली. रिसेप्शनला फोन झाला. एक पोरगा आला, त्यानं टॉवेल झटकला, दोन्ही कडांनी आत गुंडाळला, टोक मुरडलं, मान उभी केली आणि ‘और कुछ, सर?’ विचारलं. चाळीस सेकंद. गृहस्थांनी त्याला पन्नास रुपये दिले आणि पुन्हा करायला लावला, या वेळी व्हिडिओ काढत. दुसऱ्या दिवशी खोली आवरायला आलेल्या बाईंनी पलंगावर हत्ती ठेवला. तिसऱ्या दिवशी हँगरला लोंबकळणारं माकड. गृहस्थ त्या तीन दिवसांत समुद्रावर एकदा गेले, तेही माकडाला गॉगल घेण्यासाठी. गावाकडून मित्राचा फोन आला, ‘काय करलालास बे तिथं?’ गृहस्थ म्हणाले, ‘आराम.’ त्या क्षणी ते हत्तीची सोंड सरळ करत होते.

न्हाणीघराच्या दारामागे एक छापील कार्ड होतं. टॉवेल हरवल्यास किंवा डाग पडल्यास आठशे रुपये. त्याच पैशात चाटी गल्लीत चांगले तीन आले असते, आणि दुकानदारानं वर चहा पाजला असता.

तरीही गृहस्थांनी मान डोलावली. ‘क्वालिटी आहे,’ म्हणाले. मग पत्नीनं जे करायला नको होतं ते केलं. टॉवेलाचा कोपरा उलटून शिवणीतली चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर गाव होतं सोलापूर. पत्नी पलंगाच्या कडेवर बसली. गृहस्थांनी चष्मा लावून पुन्हा वाचलं. सोलापूरच. चिठ्ठीवरची पेठ तर त्यांच्या मामेसासऱ्यांच्या मागची.

कुठलाही सुज्ञ माणूस इथं ओशाळला असता. गृहस्थांना अभिमान वाटला. त्यांनी चिठ्ठीचाही फोटो टाकला. खाली ‘प्राउड सोलापूरकर’.

आता या अभिमानाचं काय करायचं? ज्यानं तो टॉवेल विणला तो प्राउड आहे का, हे कुणी विचारलं? पूर्व भागात घरातला पुरुष मागावर आणि बाई विड्या वळायला, हा हिशेब पिढ्यान्पिढ्यांचा. मार्च २०२० मध्ये गृहस्थ घरी बसून ‘वर्क फ्रॉम होम’ करत होते, तेव्हा माग बंद होते, आणि माग बंद तर आठवड्याचा पगार बंद. त्याला घरून विणता येत नव्हतं. निर्बंध उठल्यावर गृहस्थांना दोन वर्षं तुंबलेली हौस फेडायची होती, मागवाल्याला दोन वर्षं तुंबलेली उधारी. टॉवेल गोव्याला गेला, विणणारा नाही गेला. त्यानं विणलेल्या तुकड्याला परगावी चोच फुटते, शेपूट फुटतं, गुलाबाच्या पाकळ्या मिळतात, पाचशे लोक बदाम पाठवतात. त्याच्या हाती पडतो तो पीसवर्कचा दर. आणि हेच गृहस्थ चाटी गल्लीत टॉवेल घेताना दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात, पायरी उतरून जातात, परत बोलावतील म्हणून हळूहळू चालतात. आठशेच्या कार्डापुढे डोलणारी मान ती हीच. वरून घरात नवे टॉवेल पाहुण्यांसाठी राखून ठेवतात आणि स्वतः अशा पंच्यानं अंग पुसतात की ज्यातून आरपार सिद्धेश्वराचा कळस दिसावा.

असो. चिडून उपयोग नाही, हंस घाबरतात.

खरे पक्षी बघायचे तर ते इथंच आहेत, ही आणखी एक गंमत. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणकडे थंडीत रोहित पक्षी उतरतात, त्यांची मान कुणाला मुरडावी लागत नाही. कंबर तलावावर पाणपक्षी आहेत. बार्शी रस्त्याला वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. तिथं १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आता माळढोक दिसला तर बातमी होते. गृहस्थ आजवर नान्नजला गेले आहेत ते एका लग्नाला. पण परगावी जायच्या सोयी मात्र वाढल्या: १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईला वंदे भारत, ९ जून २०२५ पासून गोव्याला थेट विमान. पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये चादर पांघरून पेंगणारा माणूस आता तासाभरात हंसापाशी पोचू शकतो.

राहता राहिला हॉटेलचा तरणतलाव. शेवटच्या संध्याकाळी कुटुंब तिथं गेलं. मुलं पाण्यात उतरली. गृहस्थ आणि पत्नी काठावर बसले आणि दोघांनी एकमेकांना न सांगता एकच हिशेब सुरू केला. हजार लिटरच्या टाक्या किती भरतील? पत्नी साठवर थांबली, गृहस्थ पंच्याहत्तरवर. मग पत्नीनं तिथल्या पोराला विचारलं, ‘हे पाणी रोज येतं?’ त्याला प्रश्नच कळला नाही. त्याचा दोष नाही. ११७ टीएमसीचं उजनी धरण ज्याच्या जिल्ह्यात आहे आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, अशा माणसालाच तो प्रश्न पडतो. नळाचा निरोप दमयंतीला हंसानं पोचवला, अशी कथा आहे. खोलीत परतल्यावर गृहस्थ बराच वेळ हंसांकडे बघत होते. डोक्यात त्यांच्याही नळच होता.

निघताना त्यांनी टॉवेल मोजून परत दिले. गावात शिरताना गाडी तशीच चाटी गल्लीत घातली, दोन नवे पांढरे टॉवेल घेतले, दहा रुपये कमी करून घेतले. घरी व्हिडिओ लावून चार वेळा प्रयत्न केला. पहिल्यांदा बदक झालं, दुसऱ्यांदा बदकाचं पिल्लू, तिसऱ्यांदा शिंपल्यातून मान काढलेली गोगलगाय. चौथ्यांदा जे झालं त्याला कन्येनं चांगलं म्हटलं, कारण तिला झोपायचं होतं.

नळ शनिवारी पहाटे येऊन गेला होता. घर बंद होतं, टाकी रिकामी राहिली. प्रवासात वापरलेले पाच ओले पंचे न्हाणीघरात बादलीत पडून आहेत. आज रविवार. पुढचं पाणी गुरुवारी.