पोटातले आरोपी

पालघर जिल्ह्यातल्या तमाम उदास मंडळींसाठी आनंदाची बातमी आहे. तुमच्या मनाला काहीही झालेलं नाही. जे काय झालंय ते पोटात झालंय आणि त्यावरचं औषध बोईसर स्टेशनबाहेरच्या कुठल्याही मेडिकलात चिठ्ठीशिवाय मिळतं. दहा कॅप्सूलचं खोकं, एकेका कॅप्सूलमध्ये कित्येक अब्ज जिवंत जीवाणू आणि वर एका गोऱ्या बाईचं निरोगी हसू. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, थंड व कोरड्या जागी ठेवा. खोकं मात्र भर मे महिन्यात पश्चिमेकडच्या काचेत उन्हाला लावलेलं. आतले किती अब्ज अजून हयात आहेत, याची शिरगणती कोणी करत नाही. मेलेल्यांचा भावही जिवंतांइतकाच.

रात्रपाळी सुटलेला एखादा कामगार काउंटरवर येतो. कपड्यांना केमिकलचा वास, हातात डब्याची पिशवी.

"शेठ, झोप येत नाय. कशात मन लागत नाय."

"पोट साफ होतं का, भाऊ?"

"नाय."

"मग! तिथंच तर आहे सगळं."

कामगाराचा चेहरा खुलतो. त्याचं ठेकेदारीवरचं काम कधी संपेल, ओव्हरटाइम किती महिने थकलाय, घरी पैसे कधी पाठवले, यातलं काही त्याला विचारलं गेलेलं नाही. उलट आजाराला एक अब्रूदार नाव मिळालं. घरी 'गॅस झालाय' म्हटलं की बायको ओवा देते. 'डिप्रेशन आहे' म्हटलं की भावकी विचारते, "ठाण्याला न्यायचा का?" आमच्याकडे ठाणे म्हणजे नुसतं शहर नव्हे, 1901 पासून तिथे मनोरुग्णालय आहे. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला, कलेक्टर आला, एसपी आला. वेड लागलं की मात्र माणसाला अजून ठाण्यालाच पाठवतात, निदान बोलण्यात तरी.

आता शास्त्र. ते खोटं नाही, हीच तर गंमत. पोटाचा आणि मेंदूचा संबंध आहे, दोघांमध्ये व्हेगस नावाची लांबलचक नस आहे, आणि आयर्लंडमधल्या कॉर्क विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी या विषयात आयुष्य घातलं आहे. 2011 मध्ये त्यांनी आणि कॅनडातल्या सहकाऱ्यांनी उंदरांना एक लॅक्टोबॅसिलस खाऊ घातला. उंदीर पाण्यात टाकल्यावर लवकर हातपाय गाळेनात, घाबरणंही कमी झालं. नस कापली तर हा परिणाम नाहीसा झाला. केवढा उत्साह! 2013 मध्ये याच मंडळींनी असल्या जीवाणूंना 'सायकोबायोटिक' असं भारदस्त नाव दिलं. मग तोच जीवाणू 29 धडधाकट पुरुषांना चार आठवडे दिला. 2017 मध्ये निकाल छापून आला: रिकाम्या कॅप्सूलपेक्षा तसूभरही जास्त फरक नाही. शास्त्रज्ञांनी तो निकाल स्वतःच जगापुढे ठेवला. खोक्यावर जागा कमी असते, त्यामुळे तिथे फक्त उंदरांपर्यंतचीच गोष्ट येते.

दुसरं पेटंट वाक्य सेरोटोनिनचं. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, हे अगदी खरं. सांगायचं राहतं ते एवढंच की आतड्यातलं ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. चारोटीच्या टोलनाक्यावर 'लोकल आहे' म्हणून गाडी सुटेलही, पण मेंदूच्या नाक्यावर ओळख चालत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन आपलं आपण बनवतो.

मात्र पोट गुन्हेगार ठरल्यामुळे किती जण निर्दोष सुटले, ते पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मोजणीत तारापूर एमआयडीसी देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत पहिली आली. पहिला नंबर येऊनही पेढे कोणी वाटले नाहीत, हे आमच्या विनयाचं लक्षण. मांगेला समाजाची परिषद सांडपाण्यासाठी हरित लवादात गेली, लवादाने 2022 मध्ये कारखाने आणि सांडपाणी केंद्र मिळून दीडशे कोटींच्या वर भरपाई लावली, प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. नवापूर-उच्छेळी-दांडीचे मच्छीमार रिकामी जाळी झटकत बसले तर त्यांना उदास वाटणारच, असं आम्ही अडाणी लोक समजत होतो. आता वकिलांना उभं राहून सांगता येईल: माय लॉर्ड, दर्याला काही झालेलं नाही, या लोकांच्या आतड्यातला लॅक्टोबॅसिलस घटला आहे. वाढवण बंदराच्या धास्तीने झोप उडाली? फायबर कमी पडतंय. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत जमीन हादरते म्हणून पोरं घराबाहेर निजली? पोट ढवळलं असेल. सकाळची डहाणू-चर्चगेट चुकली, विरारला दारात लटकायलाही जागा मिळाली नाही, साहेबाने अर्धा दिवस कापला? दही खा.

दह्याचं एक बरं असतं. ते युनियन करत नाही.

आणि याहून धमाल पुढे आहे. कॅप्सूलने भागत नसेल तर निरोगी माणसाची विष्ठा रोग्याच्या आतड्यात सोडायची, असाही इलाज आहे. तोंड वाकडं करू नका. चौथ्या शतकात चीनमधला गे होंग नावाचा वैद्य जुलाबावर हेच देत होता, आणि अमेरिकेने 2022 मध्ये असं पहिलं औषध रीतसर मंजूर केलं. मंजूर केलं ते पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या एका आतड्याच्या जंतुसंसर्गासाठी. उदासीसाठी अजून प्रयोगच चालू आहेत. पण आपल्याकडे प्रयोग संपायची वाट कोण बघतो? उद्या पालघरात दात्यांचं शिबिर लागलं, तर मंडपात पहिला हसतमुख दाता कोण येईल? मला तरी लेबर कॉन्ट्रॅक्टरच दिसतो. झोप उत्तम, भूक सणसणीत, मनाला कसलीही टोचणी नाही. कामगाराने त्याच्याकडून आजवर काय काय घेतलं, त्यात ही एक भर. स्थळांच्या बायोडाटातही एक ओळ वाढेल: मुलगा निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट, पोट रोज वेळेवर.

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये एक छान काम केलं. दोन एकत्र कुटुंबांतल्या, एका छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या पोटातले जीवाणू तपासले. एकच चूल, तरी आजोबा आणि नातू यांच्या आतड्यातली वस्ती वेगळी निघाली. एका घरात ही तऱ्हा, तर परदेशी पोटांवर पारखलेली कॅप्सूल केळव्यात, मोखाड्यात आणि बोईसरच्या चाळीत उतरलेल्या उत्तर प्रदेशातल्या पोराला सारखीच कशी लागू पडेल? पण हा प्रश्न विचारणाऱ्याला शेठ सुटे पैसे देत नाही.

बरं, याच काउंटरवर साध्या सर्दीला अँटिबायोटिक मिळतं, तेही मोजून तीन गोळ्या, कारण पूर्ण कोर्स परवडत नाही. आतड्यातली चांगली वस्ती त्याने उठते. मग त्याच गल्ल्यावर पुनर्वसनाची कॅप्सूल. उठवणाराही तोच, वसवणाराही तोच, दोन्ही वेळा बिल वेगळं. प्रकल्पग्रस्तांना हे समजावून सांगावं लागणार नाही. निदान इथल्या जीवाणूंचं पुनर्वसन तरी होतं म्हणायचं.

खाण्याचा संबंध मात्र मी धुडकावणार नाही. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये 67 उदास माणसांवर एक प्रयोग झाला. ज्यांना बारा आठवडे भाज्या, डाळी, मासे, बिनपॉलिशची धान्यं असं नीट खाऊ घातलं, त्यांच्यातले जवळजवळ एकतृतीयांश सावरले. ज्यांच्याशी नुसत्या गप्पा मारल्या, त्यांच्यात बरंच कमी. म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची डाळ, रानभाजी, सुके बोंबील. जव्हारच्या आजीला हे विद्यापीठाने कळवायची गरज नव्हती. तिची अडचण एवढीच की नाचणी पिकते तिच्या उतारावर आणि 'गट-फ्रेंडली मिलेट मिक्स' होऊन मॉलच्या फडताळावर जाते, आणि तिच्या नातवाला पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा मिळतो. या पुड्याबद्दल खोक्यावरची बाई काही बोलत नाही.

सरकारने आता उशीर करू नये. 'माझा लाडका जीवाणू' योजना जाहीर करावी, प्रत्येक पात्र जीवाणूची ई-केवायसी करावी, निवडणुकीनंतर छाननीत निम्मे अपात्र ठरवावेत. मानसोपचारतज्ज्ञांच्या जागा भरण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. देशात लाख माणसांमागे एक पुरा मानसोपचारतज्ज्ञही वाट्याला येत नाही; त्यातला आमच्या वाट्याचा तुकडा वसईच्या पुढे कितपत सरकतो, हे विक्रमगडच्या माणसाला विचारा.

तोवर एक नंबर लिहून ठेवा: 14416. टेली-मानस. 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. पोट साफ होतं का, हे तेही कदाचित विचारतील, पण तिथे थांबणार नाहीत. आणि डॉक्टरने मनासाठी गोळी दिली असेल, तर कॅप्सूलच्या नादाने ती सोडू नका. लंडनमध्ये 49 जणांवर जीवाणूंचा जो प्रयोग 2023 मध्ये छापून आला आणि ज्याचा दाखला सगळे देतात, त्यातल्या लोकांची नेहमीची गोळी चालूच होती.