साधं जेवण, यादीसह

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की पुण्याची मंडळी बुलढाण्याकडे ‘साधं खायला’ येतात. साधं म्हणजे काय, याची यादी फोनवर आधीच आलेली असते: चुलीवरची कळण्याची भाकर, निखाऱ्यावरच्या वांग्याचं भरीत, तुरीच्या ओल्या दाण्यांची सोलेभाजी, जवसाची चटणी आणि अर्थातच हुरडा. सोलेभाजीसाठी ढीगभर शेंगा कोण सोलणार, हे यादीत नसतं. आजी सोलते; पाहुणे चुलीचा व्हिडिओ काढतात. घरात गॅस असताना हा धूर कशाला, असं तिनं विचारलं, तर तिलाच अस्सल चवीवर व्याख्यान ऐकावं लागलं.

हुरड्याची तर आणखी गंमत. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. ज्वारीला मान मिळाला, शिवार मात्र सोयाबीन-कपाशीलाच. ज्वारी पेरली तर आधी पाखरं खातात, मग रानडुकरं, आणि उरलीसुरली बाजारभाव खातो. म्हणून शेतकऱ्यानं हुरडा विकत आणायचा आणि ‘आपल्या शेतातला’ म्हणून पाहुण्यांपुढे ठेवायचा.

खरंच साधं जेवायचं तर मेहकर तालुक्यातला हिवरा आश्रम आहे. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात, ऐन थंडीत, लाखो लोक उघड्यावर पंगतीला बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढली जाते. पाहुण्यांना हे सुचवून पाहिलं. त्यांनी विचारलं, “भाजीत तेल किती असतं?”