पुण्यात समविचारी कसे गाठावेत : जुन्नरकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन. गोळेगाव सोडून तुम्ही पुण्याला निघालात. एमपीएससी हे घरी सांगायचं कारण झालं. खरं कारण आम्ही ओळखलंय. तुम्हाला राजकारणावर बोलायचंय, आणि तेही आपल्यासारखंच बोलणाऱ्यांच्या घोळक्यात बसून. गावात ही सोय नव्हती. तिथं राजकीय सोबत सातबाऱ्यासारखी वारशानं येते. वडील ज्या गटात, त्या गटात तुम्ही. नेत्यानं पक्ष बदलला तरी गटाला ओट्यावरून उठावं लागत नाही. जुन्नरनं शरद सोनवणे यांना २०१४ साली मनसेचे आमदार म्हणून निवडलं, २०१९ साली शिवसेनेचे उमेदवार म्हणून पाडलं आणि २०२४ साली अपक्ष म्हणून पुन्हा निवडलं. एवढ्यात कार्यकर्त्यांचं बदललं काय, तर गळ्यातलं उपरणं.

त्यात लेण्याद्रीनं तुमचं बालपण आणखी बिघडवलंय. बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेल्या विहारात, सातव्या लेण्यात, गिरिजात्मज बसलाय. शेजारी सहाव्यात चैत्यगृह, ते दान दिलं कल्याणच्या माणसानं. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत तर यवनांची दानं आहेत आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचंही. तिकीट पुरातत्त्व खात्याचं, नारळ गणपतीला. इतकी बेमेळ मंडळी एका डोंगरात नांदतात, आणि सुमारे तीनशे पायऱ्या चढून तुम्ही हे लहानपणापासून मुकाट बघत आलात. हे संस्कार आधी पुसा. मग पुढे वाचा.

१. खोली घ्या. सदाशिव पेठ किंवा नवी पेठ, कॉट बेसिस. चार कॉटवर चार विचारसरणी निघतील, घाबरू नका. अकरानंतर चौघंही राज्यघटनेचं एकच पुस्तक छातीवर पालथं ठेवून झोपतात. यांना समविचारी समजू नका. ११ मार्च २०२१ ला, राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली, तेव्हा शास्त्री रस्त्यावर बसलेल्या पोरांत उजवं कोण, डावं कोण, हे कुणाला सांगता आलं असतं? असली गर्दी आपल्या उपयोगाची नाही. तिथं सगळे नुसते समदुःखी असतात.

२. भूमिका तयार ठेवा. वेताळ टेकडीवरचा रस्ता, मुठेचा काठ, मेट्रो, पॅलेस्टाइन. यांतलं प्रत्येक दोन मिनिटांत मांडता आलं पाहिजे. आरक्षणाचा विषय निघाला की ‘हे फार गुंतागुंतीचं आहे’ म्हणा आणि पाण्याचा ग्लास उचला. टोमॅटोच्या भावावर किंवा डिंभे धरणाच्या पाण्यावर भूमिका घेऊ नका. ती त्या खोलीत तुमच्या एकट्याचीच असेल, आणि एकट्याला समविचारी होता येत नाही. वाईट वाटतंय? वाटू द्या. सगळ्यांचंच सुरुवातीला असं होतं.

३. सभागृहं पाठ करा. नवी पेठेत एस. एम. जोशी सभागृह आणि पत्रकार भवन, सिंहगड रस्त्याला साने गुरुजी स्मारक. वसंत व्याख्यानमाला तर न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, म्हणजे या शहराला ऐकण्याची सवय जुनी. तुम्ही मात्र ऐकायला जाऊ नका, दिसायला जा. तिसऱ्या रांगेत कडेला बसा. प्रश्नोत्तरं सुरू झाली की हात वर करून ‘माझा प्रश्न नाही, छोटंसं निवेदन आहे’ म्हणा, आणि रखवालदार दिवे घालवायला लागेपर्यंत थांबू नका. दुसऱ्या सभेला तेच चेहरे दिसतील, तिसऱ्यालाही. ‘सगळं शहर आपल्या बाजूचं आहे’ असं वाटू लागलं की तुम्ही बरोबर मार्गावर आहात. त्या आठवड्यात निवडणुकीचा निकाल तेवढा पाहू नका.

मध्येच एक काम करा. ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर सकाळी एकदा जाऊन या. २० ऑगस्ट २०१३ ला तिथं डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये. यावर आमच्याकडे कुठलीही युक्ती नाही. तिथं उभं राहायला कुणाशी समविचारी असावं लागत नाही.

४. चहा कुणाबरोबर पिता ते सांभाळा. ही पायरी सर्वांत अवघड, आणि पुण्यानंच ती शास्त्रापर्यंत नेली आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. कुणी प्याले, कुणी कप नुसता हातात धरला. टेबलाशी न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. म्हणजे एरवी ज्यांचं फारसं पटत नव्हतं ते दोघं एका चहाला! गोपाळराव जोशांनी (होय, डॉ. आनंदीबाईंचे यजमान) उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापवली आणि शहर पेटलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं. त्यावर त्यांचे सुधारक मित्र नाराज झाले, ते वेगळंच. एका कपात दोन्ही बाजूंचा रोष ओढवून घेण्याचा हा विक्रम अजून मोडलेला नाही.

तेव्हा धडा घ्या. फर्ग्युसन रस्त्यावर गुडलकमध्ये बसाल तेव्हा समोर कोण आहे, त्याहून पलीकडच्या टेबलावरून कोण बघतंय ते पाहा. समोरचा मोतीबागेत, म्हणजे संघाच्या कार्यालयात, जाणारा निघाला तर बन मस्का अर्धा टाकून उठायचं की बिल त्याला भरू देऊन मग उठायचं, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. आम्ही दुसऱ्या पक्षाचे.

५. आठ जण जमले की फुटा. उशीर करू नका. १८९५ ला पुण्यात काँग्रेस भरली तेव्हा रानड्यांच्या सामाजिक परिषदेला तिचा मंडपसुद्धा मिळाला नाही. पुढे समाजवादी फुटले, १९६४ ला कम्युनिस्ट फुटले, रिपब्लिकन पक्षाचे गट मोजायला तर वेगळी पुस्तिका काढावी लागेल. तुमच्या आठांत फुटीचं कारण सापडत नसेल तर पत्रकाच्या खाली नावं कोणत्या क्रमानं छापायची, एवढंच विचारा.

६. भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडू नका. मोह होईल. नाना पहाटे पाचला जे पाठवतात ते वाचून तुमच्या नव्या मित्रांपैकी एखाद्याला भोवळ येईल. पण कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, थ्री फेज लाइट या आठवड्यात रात्रीची की दिवसाची, आणि बिबट्या कुणाच्या उसात दिसला, हे त्याच ग्रुपवर येतं. समविचारी मंडळींना यातलं काहीच माहीत नसतं. आई संध्याकाळी गवताला एकटी जाते ना? मग ग्रुप राहू द्या, आवाज बंद ठेवा.

७. नाना येणार आहेत. बांधाच्या दाव्याचं अपील शिवाजीनगर कोर्टात लागलंय, आदल्या रात्री मुक्काम तुमच्याच खोलीवर. सोबत मेथीच्या जुड्या आणि सगळ्या देशाचं राजकारण घेऊन येतील. तुमच्या एकाही भूमिकेशी त्यांचं जमणार नाही, आणि तुमचं जेवण झालं का हे ते चार वेळा विचारतील. सकाळी त्यांना कोपऱ्यावर चहा पाजा. बिनधास्त पाजा, नावं छापायला आता ‘पुणे वैभव’ नाही. मात्र कॉट बेसिसवर पाहुणा ठेवायला मालकाची परवानगी लागते. ती आदल्या दिवशीच काढून ठेवा.