डिझेल काय दूध आहे नासायला?

अणुभट्टीची सुरक्षितता म्हटलं की डोळ्यांसमोर मीटरभर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती येतात, दिवे लुकलुकणारे नियंत्रण कक्ष येतात आणि 'सर्व काही नियंत्रणात आहे' हे वाक्य न अडखळता म्हणणारे प्रवक्ते येतात. काचेची बरणी मात्र कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. हा त्या बरणीवर अन्याय आहे.

अमेरिकेतल्या बऱ्याच अणुकेंद्रांत डिझेलचा टँकर आला की ते टाकीत सोडण्याआधी त्याचा नमुना लिटरभराच्या स्वच्छ बरणीत घेतात. बरणी उजेडात धरायची, गोल हलवून आत भोवरा करायचा आणि तळाशी पाणी बसतंय का, कचरा फिरतोय का, ते डोळे बारीक करून बघायचं. चाचणीचं नाव 'स्वच्छ आणि चकचकीत'. दिसलं स्वच्छ, दिसलं चकचकीत, की सोडा टाकीत. प्रयोगशाळेतल्या इतर चाचण्याही असतात, नाही असं नाही. पण त्यांतल्या काहींचे निकाल ३१ दिवसांच्या आत आले तरी नियमात बसतं. तोवर नवं डिझेल जुन्यात मिसळून महिना झालेला असतो. निकाल वाईट आला तर काय करायचं याचीही कार्यपद्धती असतेच. कार्यपद्धती नाही अशी एकच गोष्ट या उद्योगात आहे, ती म्हणजे लाज.

आता कुणी विचारेल, अणूवर चालणाऱ्या केंद्राला डिझेल कशाला? तर भट्टी बंद केली म्हणजे ती बंद होते, हा आपला गैरसमज आहे. साखळी अभिक्रिया थांबते, उष्णता थांबत नाही. बंद केल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता आत धुमसत असते. ३००० मेगावॉट औष्णिक शक्तीची भट्टी धरली तर सुमारे २०० मेगावॉट. तासाभरानं दीड टक्का, दिवस उलटला तरी अर्धा टक्का. तेवढा वेळ कुणीतरी आत पाणी ढकलत राहायला हवं. ढकलणार पंप, पंपाला हवी वीज, आणि वीज बनवणारं केंद्र तर नुकतंच बंद पडलेलं. बाहेरच्या तारांतून आली तर ठीक. तीही गेली की देशाला उजेड देणारं हे केंद्र लग्नाच्या मांडवासारखं जनरेटरवाल्याची वाट बघतं. काही ठिकाणी तर विजेचा मध्यस्थही नको म्हणून पंपच थेट डिझेल इंजिनाला जोडलेला असतो. इलिनॉयमधल्या बायरन आणि ब्रेडवूड केंद्रांत भट्टी थंड ठेवणारा एक राखीव पंप असाच आहे.

जैतापूरला ईपीआर जातीच्या सहा भट्ट्या योजल्या आहेत. या जातीच्या मूळ आराखड्यात एकेका भट्टीला चार आपत्कालीन डिझेल जनरेटर आणि तेही बसले तर म्हणून आणखी दोन. सहा सक छत्तीस. अणुऊर्जा आणि डिझेल यांच्यात छत्तीसचा आकडा असावा असं आम्हाला आधीपासून वाटत होतंच. तो इतका शब्दशः असेल असं वाटलं नव्हतं.

मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सहज विचारलं, लिफ्टच्या जनरेटरमधलं डिझेल शेवटचं कधी बदललं? ते माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, ''अहो, डिझेल काय दूध आहे नासायला?'' जनरेटरला अडकवलेल्या कार्डावर दर महिन्याच्या चौकटीत 'ओके' लिहिलेलं होतं, बारा महिन्यांचे बारा ओके, एकाच पेनानं, एकाच हातानं आणि बहुधा एकाच दिवशी. सेक्रेटरींना मी दोष देत नाही. डिझेल नासतं हे जगातल्या फार थोड्या माणसांना ठाऊक आहे. बुरशीला मात्र पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

या बुरशीचं शास्त्रीय नाव हॉर्मोकोनिस रेझिनी. इंग्रजीभाषक मंडळी तिला लाडानं 'रॉकेल बुरशी' म्हणतात. टाकीत वर डिझेल, तळाशी हवेतल्या दमटपणामुळे साठलेलं थोडंसं पाणी, आणि ही बाई राहते बरोबर दोन्हींच्या सीमारेषेवर. खाणं वरच्याकडचं, पिणं खालच्याकडचं, आणि मिसळायचं कुणातच नाही. अशा प्रकृतीची मंडळी आपण दर पाच वर्षांनी रांगेत उभं राहून निवडून देतो, तेव्हा अधिक वर्णनाची गरज नसावी. ती तिथे चिकट, काळसर गोधडी विणते, आम्ल सोडून टाकीचा पत्रा कुरतडते आणि वाट बघते. इंजिन महिन्यातून एकदा तासभर चाचणीसाठी चालवतात, तेव्हा कदाचित काहीच होत नाही. खरी वेळ येते, इंजिन तासन् तास तेल ओढू लागतं, टाकी ढवळते, गोधडीच्या चिंध्या होतात आणि त्या जाऊन फिल्टरमध्ये बसतात. इंजिन दोन-चार आचके देतं. पंप थांबतो.

यावर उपाय आहे. अमेरिकी नियामकाच्या मार्गदर्शनानुसार या साठवण टाक्या दर दहा वर्षांनी रिकाम्या करायच्या, गाळ काढायचा आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणानं धुवायच्या. म्हणजे मोरीच्या फरशीला आपण जे ब्लीच वापरतो, त्याच जातीचं. अणुयुगाची राखण मोरी धुण्याच्या औषधावर आहे याची मला गंमत वाटत नाही, उलट आधार वाटतो. ते निदान किराणा दुकानात मिळतं. भीती वाटते ती 'दर दहा वर्षांनी' या शब्दांची. सरकारी खात्यात दहा वर्षं म्हणजे तीन साहेब, दोन फेररचना आणि एक फाइल, जी मधल्या साहेबांच्या काळात वाळवीनं मंजूर केलेली असते.

आणि खरी मेख पुढेच आहे. सुरक्षिततेचा सगळा मांड असा, की एक इंजिन बिघडलं तर दुसरं, दुसरं बिघडलं तर तिसरं. वेगवेगळ्या खोल्या, वेगवेगळ्या भिंती, वेगवेगळी कुलपं. पण सगळ्या इंजिनांच्या पोटात डिझेल एकाच टँकरचं गेलेलं असलं तर? चार पहारेकरी चार दारांवर उभे केले आणि चौघांना एकाच पातेल्यातली शिळी बासुंदी वाढली. मग पहारेकरी चार होते की चाळीस, याला काही अर्थ राहत नाही. रात्री सगळे एकाच रांगेत सापडणार.

बरं, डिझेल नासवायला भेसळखोरच लागतो असंही नाही, सज्जनही पुरतात. हवा शुद्ध व्हावी म्हणून २००६ मध्ये अमेरिकेनं डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५०० भागांवरून १५ वर आणलं. उत्तम झालं. मात्र गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा वंगणाचा गुण कमी होतो, तेव्हा इंजिनांकडे बघा, असं पत्रक नियामकाला अणुकेंद्रांना धाडावं लागलं. मग पर्यावरणप्रेमाची पुढची लाट आली. २००८ साली तिथलं मानक बदललं आणि ५ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळलेलं तेलही निव्वळ 'डिझेल' या नावानं विकायला मोकळीक मिळाली. पाटी नाही, सूचना नाही. या बायोडिझेलला पाणी धरून ठेवायला आवडतं, जंतूंना बायोडिझेल आवडतं, ते साठवणीत लवकर बिघडतं आणि शिवाय साबणासारखं वागतं. वर्षानुवर्षं टाकीच्या भिंतीला धरून शांतपणे बसलेला गाळ ते सोडवतं आणि थेट फिल्टरच्या दारात आणून उभा करतं. २००९ मध्ये नियामकानं याचंही पत्रक काढलं. सगळ्यांचे हेतू शुद्ध होते. अशुद्ध काय ते फक्त डिझेल.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, गंधक १० भागांवर. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य आहे. धोरणावर पंपावरच्या ट्रकवाल्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं. तारापूरच्या टाकीचं मत कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

'आमच्याकडे असं होत नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक तारीख. ३१ मार्च १९९३. अवघं सरकार मार्चअखेरच्या बिलांत बुडालेलं असताना उत्तर प्रदेशात नरोऱ्याच्या अणुकेंद्रात पहाटे साडेतीनच्या सुमाराला पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटलं. मुख्य आणि राखीव पुरवठ्याच्या केबल एकाच वाटेनं नेलेल्या होत्या. आगीनं भेदभाव केला नाही. केंद्र सतरा तास अंधारात. कर्मचारी हातात बॅटऱ्या घेऊन वर चढले आणि भट्टीत बोरॉनचं द्रावण हातानं सोडलं. आणि पाणी? ते दिलं आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी. पंप सुरू झाले म्हणून नरोरा हे नाव आज तज्ज्ञ सोडल्यास कुणाला आठवत नाही. त्या रात्री पंपांच्या टाकीत गोधडी विणलेली असती, तर ते पाठ्यपुस्तकात असतं.

फुकुशिमा पाठ्यपुस्तकात आहे. ११ मार्च २०११ ला तेरा डिझेल जनरेटरांपैकी बारा निकामी झाले, बहुतेकांची सोय तळघरात केलेली असल्यानं समुद्राला फार शोधावं लागलं नाही. पुढे १४ तारखेच्या संध्याकाळी दुसऱ्या युनिटमधला दाब महामुश्किलीनं उतरवला. आता अग्निशमन गाडीचा पंप आत पाणी ढकलणार, इतक्यात लक्षात आलं की गाडी केव्हाच बंद पडली आहे. डिझेल संपलं होतं. जगातला सर्वांत शिस्तप्रिय देश, आणि भट्टी वितळत असताना काटा शून्यावर.

त्याच्या दीड महिना आधीची आपल्याकडची गोष्ट. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला तेलाच्या टँकरांतली भेसळ रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आलं. अणुकेंद्राचं डिझेल त्या टोळीकडून येतं असं माझं म्हणणं नाही, तसं कुणी समजू नये. एवढंच, की बरणी उजेडात धरणं हे काम अमेरिकेत कंटाळवाणं समजतात. महाराष्ट्रात ते करताना एक अधिकारी मेला. तेव्हा आमचं डिझेल शुद्ध आहे ही घोषणा व्यासपीठावरून करणं फार सोपं आहे. टँकरचं झाकण उघडायला सांगणं सोपं नाही.

तेव्हा वाचकहो, जैतापूरची असो की आणखी कुठली, पुढची जनसुनावणी झाली की भूकंपाबद्दल विचारू नका, त्यावर त्यांच्याकडे रंगीत नकाशे तयार आहेत. किरणोत्सर्गाबद्दलही विचारू नका, केळ्यातसुद्धा किरणोत्सर्ग असतो हे ऐकून घरी यावं लागेल. माइक हातात आला की एवढंच विचारा: डिझेलची टाकी शेवटची कधी धुतली? 'नियमितपणे' हे उत्तर घेऊ नका. तारीख मागा, आणि त्या दिवशी काढलेला गाळ किती होता, तेही.